खोडी कोणाची?

आपल्या या अंकाचा एक विभाग कन्नड आहे, म्हणून आरंभ एका कन्नड शब्दानेच करतो. खोड्या करणाऱ्या पोराला आपले कन्नड मित्र 'तुंट' म्हणतात, आणि बाळकृष्णालाही कौतुकाने तोच शब्द लावतात. मराठीत आपण त्याला खोडकर म्हणतो, द्वाड म्हणतो, वात्रट म्हणतो. फारच संतापलो तर व्रात्य म्हणतो. गुजरातीत अशा मुलाला 'तोफानी' म्हणतात. समुद्रावर उठते तेही तोफान आणि घरात पोर करते तेही तोफान! तिन्ही भाषांत मला गुजराती शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. तोफानावर कोणी चारित्र्यदोषाचा आरोप करीत नाही. आपल्या 'खोडी'त मात्र 'खोड' दडलेली आहे, आणि खोड म्हणजे दोष. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही अशी आपली म्हण. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाने डबा उपडा केला की, त्याने काय केले हे पाहण्याआधीच भाषेने निकाल देऊन टाकलेला असतो.

हे सारे सुचण्याचे कारण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घडले. माझी थोरली बहीण बडोद्यास गोरव्याला असते. गोरवा हा शहराच्या वायव्येकडचा भाग. बडोद्यातला मराठी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सयाजीरावांचा काळ, राजवाडा, वाडे आणि जुनी सरदार घराणी येतात. गोरव्याचा चेहरा तसा नाही. १९०७ साली स्थापन झालेल्या अलेंबिकचा परिसर जवळ, औद्योगिक वसाहत लागून, आणि त्याच दिशेला पुढे कोयलीची रिफायनरी. आमचे दाजी एका कारखान्यात पाळीवर जातात, ताई एका कचेरीत नोकरी करते, आणि दोघांच्या मागे घरी दाजींची आई व दीड वर्षांचे बाळराजे, असा तो संसार. दाजींच्या आईंना सारे माई म्हणतात. शेजार गुजराती. त्यामुळे बाळराजांना नकार दोन भाषांत ऐकावा लागतो. माई 'नको' म्हणतात, शेजारच्या बा 'ना' म्हणतात, आणि बाळराजे दोन्हींकडे सारखेच दुर्लक्ष करतात.

पोहोचलो त्याच दिवशी संध्याकाळी प्रसंग घडला. ताई कामावरून नुकतीच आली होती. मला तिने चहा दिला. मी प्रवासाच्या गप्पा सांगत असताना कप टीपॉयवर ठेवला. टीपॉयवर माईंनी विणलेला रुमाल होता व त्याचे एक टोक खाली लोंबत होते. बाळराजे टीपॉयपाशी आले, त्यांनी ते टोक मुठीत धरले आणि ओढले. कप घरंगळला. वाफाळता चहा त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर फरशीवर पसरला. वीतभरच! क्षणभर कोणीच बोलले नाही. मग ताईने धावत येऊन त्याला उचलले, सगळीकडून चाचपून पाहिले, आणि काही झाले नाही अशी खात्री पटताच पाठीत एक धपाटा घातला. "किती वेळा सांगितलंय, हात लावायचा नाही म्हणून! नुसता द्वाड झालाय!"

बाळराजांनी भोकाड पसरले. माई स्वयंपाकघरातून आल्या, फरशीकडे पाहिले, कपाकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, धपाटा द्यायचाच तर त्याच्या मामाला दे. कप तिथं कोणी ठेवला?"

मी मानसशास्त्र शिकवतो. पदवीच्या वर्गाला बालविकास हा विषय माझ्याकडे असतो. त्या क्षणी मला जे वाटले ते वर्गात कधी वाटले नव्हते.

वर्गात मी काय सांगतो ते पाहा. जाँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने आपल्या स्वतःच्या तीन मुलांचे निरीक्षण करून बुद्धीच्या उगमाची मांडणी केली. त्याचे त्यावरील फ्रेंच पुस्तक १९३६ साली निघाले. त्यात त्याचा मुलगा लोराँ याचे एक टिपण आहे. जेमतेम दहा-अकरा महिन्यांचे ते मूल पाठीवर पडून हातातली वस्तू सोडते आहे. कधी सेल्युलॉइडचा हंस, कधी एखादी डबी. गंमत अशी की दर वेळी ते हाताची जागा बदलते. कधी हात उंच, कधी बाजूला, कधी डोळ्यांसमोर. आणि वस्तू कोठे पडली ते पाहते. बापाने ते वहीत लिहून ठेवले. आमच्या-तुमच्या घरी त्याच कृतीला 'सारखं खाली टाकतोय' म्हणतात, आणि चौथ्यांदा चमचा उचलून देणारी आई पाचव्यांदा देत नाही. पियाजेच्या मते एक वर्षाच्या पुढे हे अधिकच पद्धतशीर होते: मूल मुद्दाम फेरफार करून पाहते, वेगळे केले तर वेगळे काय होते ते. टीपॉयवरचा रुमाल ओढला तर रुमालावरची वस्तू आपल्याकडे येते, हा शोध त्याच्या दृष्टीने फार मोठा असतो. चहा गरम आहे ही बाब त्या शोधात कोठेच बसत नाही.

बडोद्याचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण गोरव्यापासून अगदी जवळच ती घडली आहे. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची गृहविज्ञान शाखा १९५० मध्ये सुरू झाली. तिच्यात बालविकासाचा स्वतंत्र विभाग होता. आज तो मानवविकास विभाग म्हणून ओळखला जातो. 'चेतन बालवाडी' ही त्याच्याच प्रयोगशाळेसारखी चालणारी बालवाडी. या विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी एक मोठे काम हाती घेतले. भारतीय बाळ कोणत्या महिन्यात काय करू लागते हे अमेरिकन पुस्तकावरून ठरवायचे नाही, तर आपल्याच बाळांचे मोजमाप करून ठरवायचे. नॅन्सी बेली या अमेरिकन विदुषीच्या मापनपद्धतीच्या आधारे त्यांनी एक ते तीस महिन्यांच्या बाळांच्या बौद्धिक व कारक वाढीचा अभ्यास केला आणि तो १९७० मध्ये विद्यापीठाच्या त्या विभागाने प्रसिद्ध केला. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञ ज्यांना 'बडोदा प्रमाणके' म्हणतात ती हीच. १९९७ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात कारक विकासाच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ कसोट्या आहेत. बाळाची वाढ मागे पडते आहे की काय अशी शंका आली, तर ती पडताळण्यासाठी त्या वापरल्या जातात.

आता या जातीच्या मापनात बाळाला करायला काय देतात? कोणी डॉक्टर त्याला अंकलिपी विचारत नाहीत. चमचा आपटतो का पाहतात. खाली पडलेला चमचा वाकून शोधतो का पाहतात. दोरी ओढून तिच्या टोकाची वस्तू मिळवतो का पाहतात. कपाखाली लपवलेले खेळणे कप उचलून काढतो का, कागदात गुंडाळलेला ठोकळा सोडवतो का, हाती पेन्सिल दिल्यास रेघोट्या मारतो का, हे पाहतात. एकेका जमलेल्या कृतीला गुण मिळतो. म्हणजे घरी ज्या कृत्याबद्दल बाळाला रट्टा मिळतो, त्याच कृत्याबद्दल तपासणीच्या टेबलावर त्याला गुण मिळतो, आणि आई सुटकेचा निःश्वास टाकते! आमचे बाळराजे त्या संध्याकाळी दोरी ओढण्याच्या कसोटीत अव्वल उतरले होते. नापास झाला होता तो मामा.

ज्या घरात मूल काहीच उचलत नाही, काहीच पाडत नाही, दाखवलेल्या जागी निमूट बसून राहते, त्या घरातली आई शेजारणीच्या हेव्याचा विषय असते. 'किती गुणी आहे हो तुमचं बाळ!' काही मुले स्वभावाने शांत असतात हे खरे. पण दीड वर्षाचे मूल कशालाच हात लावीत नसेल, कोठेच डोकावत नसेल, तर शहाणा डॉक्टर त्याला गुणी म्हणून मोकळा होत नाही. तो नीट तपासतो.

बरे, ही जाण आपल्याकडे केवळ प्रयोगशाळेतून आली असेही नाही. बडोद्याहून फार दूर नसलेल्या भावनगरात दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले. गिजुभाई मूळचे वकील. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला, आणि या मुलाला कोठे व कसे शिकवावे या काळजीतून ते बालशिक्षणाकडे वळले. माँटेसरीबाईंच्या पद्धतीने त्यांचे मन असे घेतले की वकिली मागे पडली. गुजरातने त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, अशी पदवी दिली. आईबापांसाठी त्यांनी लिहिलेल्या एका पुस्तकाचे नाव 'माबाप थवुं आकरुं छे' असे आहे, आणि आकरुं म्हणजे अवघड. मुलाला वळण लावणे अवघड आहे असे नाव त्यांनी दिले नाही. आईबाप होणे अवघड आहे, असे दिले.

याच गिजुभाईंच्या सोबतीला आपल्या ताराबाई मोडक गेल्या. ताराबाई मुंबईच्या, राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्य होत्या, ते पद सोडून त्या भावनगरला आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. एक गुजराती वकील आणि एक मराठी प्राध्यापिका, दोघे मिळून गुजरातीत आणि मराठीत आईबापांना एकच गोष्ट सांगत राहिले: मुलाला मारू नका, भिववू नका, लालूच दाखवू नका. पुढे ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढले, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघांसह ते काम कोसबाडच्या डोंगरावर आदिवासींच्या अंगणापर्यंत नेले. दोन भाषांचे विभाग एकाच बांधणीत असलेल्या आपल्या अंकाला ही जोडी जवळची वाटावी.

खुद्द माँटेसरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे येथेच अडकल्या. युद्ध संपल्यावर अहमदाबादेस त्यांनी जो वर्ग घेतला, त्यातील व्याख्यानांवरून १९४९ मध्ये निघालेले त्यांचे इंग्रजी पुस्तक जगभर वाचले जाते. त्यांच्या विचाराचा गाभा घरगुती भाषेत सांगायचा तर असा. मुलाच्या हाताला काम पाहिजे. काम नाही मिळाले तर तो हात तुमच्या कामात शिरेल. म्हणून हात बांधण्यापेक्षा घर बदला. खुर्ची त्याच्या मापाची करा, फळी त्याच्या हाताला येईल अशी करा, आणि जे त्याच्या हाती पडू नये ते त्याच्या टप्प्याबाहेर ठेवा. 'कप तिथं कोणी ठेवला?' या माईंच्या प्रश्नात माँटेसरीबाईंचे अर्धे शास्त्र आले, आणि माईंनी त्यांचे नावही ऐकलेले नाही.

येथे कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण मूल 'नको' म्हटलेले ऐकत नाही त्याचे काय? समजत नाही म्हणावे तर 'बॉल आण' म्हटले की बरोबर आणतो! मीही ताईकडून हे दहा वेळा ऐकले. खरी गोष्ट अशी की समजणे आणि थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वर्षाच्या आतबाहेरचे मूल 'नको' ऐकून क्षणभर हात आखडते. तो क्षण संपला की हात पुन्हा पुढे जातो, कारण आवरून धरण्याची शक्ती अजून आलेली नसते. मेंदूचा जो पुढचा भाग हे आवरण्याचे काम करतो तो पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. (आमच्या वर्गातील मागच्या बाकांवरून याचा पुरावा रोज मिळतो.) दीड वर्षाच्या मुलाने एकदा सांगितलेले आठवणीत ठेवून उद्या स्वतःहून हात आवरावा, ही अपेक्षा म्हणजे रांगत्याने जिना उतरावा अशी अपेक्षा.

मग ते मूल हात पुढे करताना आपल्या तोंडाकडे का पाहते? आयांना याच गोष्टीचा जास्त संताप येतो. 'माझ्याकडे बघून मुद्दाम करतो!' १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग आहे. एका टेबलावर जाड काच आणि काचेखाली पुढच्या अर्ध्या भागात फूटभर खड्डा दिसेल अशी रचना. वर्षाचे मूल या बाजूला, आई त्या बाजूला. मूल कडेपर्यंत येते, थांबते आणि आईचा चेहरा पाहते. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ मुले काच ओलांडून आली. आईने भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आले नाही. मूल तुमच्या तोंडाकडे पाहते ते तुम्हाला खिजवण्यासाठी नव्हे. ते विचारते आहे: हे चालेल का?

आणि आपण त्याला उत्तर काय देतो? याबाबतीत आम्ही पाहुणे मंडळी फार गुन्हेगार असतो. परवा बाळराजांनी दाजींचा चष्मा डोळ्यावर उलटा चढवला तेव्हा आम्ही सारे पोट धरून हसलो, मी तर पुन्हा एकदा करायला लावले. दुसऱ्या दिवशी दाजी कामावर निघण्याच्या घाईत असताना त्यांनी तोच चष्मा उचलला आणि काडी वाकवली, तेव्हा ओरडा खाल्ला. त्याच्या बाजूने विचार करा. काल हेच केले तेव्हा घर हसले, आज तेच केले तर घर गर्जले. कृती तीच, वस्तू तीच. बदलली ती मोठ्यांची मनःस्थिती. या जगाचा नियम तरी काय, हे शोधायला त्याला तेच पुन्हा करून पाहावे लागणारच. घरातील चार माणसांनी चार वस्तूंबद्दल एक ठरवले आणि ते रोज पाळले, तर निम्मी भांडणे होणार नाहीत. पण चारही माणसे एकदम चहा प्यायलासुद्धा जेथे बसत नाहीत तेथे हे जमायचे कसे, हा प्रश्न खराच.

दोन वर्षांच्या आसपास आणखी एक अवस्था येते. एरवी गोड असणारे पोर भर बाजारात जमिनीवर लोळण घेते. आपल्याकडे बालहट्ट हा राजहट्टाच्या आणि स्त्रीहट्टाच्या पंगतीला बसवला आहे. त्यातल्या स्त्रीहट्टाबद्दल विद्यार्थिनींनी काय म्हणायचे ते म्हणावे, पण बालहट्टाची गोष्ट वेगळी आहे. या वयात मुलाला समजते पुष्कळ आणि बोलता येते थोडे. पाहिजे काय ते ठाऊक, सांगायला शब्द नाही, भूक लागलेली, झोपेची वेळ उलटलेली, आणि हात धरून कोणी ओढते आहे. अशा वेळी तुम्ही-आम्ही तरी काय केले असते? लोळण घेतलेल्या मुलाला उपदेश कळत नाही. त्याला त्या गर्दीतून बाजूला नेऊन जवळ बसणे एवढेच करता येते. रडणे ओसरले की पाणी द्यावे. आणि जे मागितले होते ते रडण्याच्या किमतीला देऊ नये, नाहीतर पुढच्या खेपेस भाव ठरलेला असतो. याच वयात 'मी, मी' सुरू होते. सदरा मी घालणार, जिना मी चढणार. त्यालाही वाट आहे. 'सदरा घालायचा का?' असे विचारले तर उत्तर 'नाही' येणार. 'लाल घालायचा की निळा?' असे विचारले तर निवड त्याची होते आणि सदरा आपला अंगात जातो. माईंची यात हातोटी आहे. त्या जेवताना विचारतात, "आधी वरणभात की आधी भाजी?" जेवायचे की नाही हा प्रश्न त्या कधी काढतच नाहीत.

आता आपल्या घरोघरी चालणारे उपाय. लक्ष वळवणे हा सर्वांत जुना आणि लहान मुलापुरता चांगला उपाय: 'तो बघ काऊ!' मूल पडले की जमिनीला हात मारून 'हात रे' करणे हा दुसरा. यात रडे थांबते खरे, पण चूक नेहमी दुसऱ्याची असते असा पहिला धडाही मिळतो. तिसरा उपाय बागुलबुवाचा. बुवा, पोलीस, डॉक्टर, सुई. यातले डॉक्टर आणि पोलीस पुढे खरोखर लागतात, आणि तेव्हा मूल त्यांच्याकडे जायला घाबरते. चौथा लाडूचा, हल्ली चॉकलेटचा. आणि पाचवा, या काळातला, मोबाईलचा. तो इतका गुणकारी आहे की त्याचीच भीती वाटते. मूल गप्प बसते, हलत नाही, पाडत नाही. ज्या हालचालीतून ते शिकत असते तीच बंद पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालील मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून अधिक नको. ताईला हे ठाऊक आहे. पण दाजी रात्रपाळीहून येऊन झोपलेले, माई देवपूजेत, कुकरची शिट्टी होते आहे आणि पोर पायात घोटाळते आहे, अशा वेळी ती वीस मिनिटे मोबाईल देते, आणि तिला दोष देण्याची माझी छाती नाही.

सहावा उपाय धपाटा. यशोदेनेही कृष्णाला उखळीला बांधलेच होते, असा दाखला कोणी देतो. पण त्या कथेत दोर दर वेळी दोन बोटे कमी पडतो हे विसरू नये. धपाट्याने काम त्या क्षणी थांबते, म्हणून आईबापांना तो लागू पडला असे वाटते. पन्नास वर्षांतील अभ्यास आणि दीड लाखांहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून अमेरिकेत २०१६ मध्ये जो आढावा निघाला, त्यात दिसले ते असे की मार खाणारी मुले अधिक आज्ञाधारक होत नाहीत. मारकुटेपणा, हट्ट व मनाचे त्रास त्यांच्यात अधिक आढळतात. स्वीडनने १९७९ मध्येच घरातील मारावरही कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील मार बंद केला. घराचा उंबरठा मात्र त्याने ओलांडला नाही. दीड वर्षाच्या बाळाच्या बाबतीत तर मार निव्वळ वाया जातो. रुमाल, कप, गरम चहा आणि पाठीतली वेदना यांची साखळी त्याला जुळवता येत नाही. त्याला कळते ते एवढेच की आई धावत आली, तिने कवटाळले आणि मग तिनेच मारले.

त्या रात्री ताई मला म्हणाली, "मी त्याला नाही रे मारलं. मला जी भीती वाटली तिला मारलं." मी काही बोललो नाही. माझ्या वर्गात हे वाक्य कोणत्याच पुस्तकात नाही.

पण भीती खोटी नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. मूल शोधक आहे असे म्हणून हात जोडून बसण्याने भाजलेला पाय बरा होत नाही. पूर्वी स्टोव्हचे रॉकेल पेल्यात काढून ठेवलेले मूल प्यायल्याच्या घटना घरोघर माहीत असत. आता रॉकेल कमी झाले, पण संडास धुण्याचे आम्ल आणि फिनेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीत ठेवण्याची खोड आपलीच, मोठ्यांची. असे काही पोटात गेले तर ओकारी काढू नये, तीच बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. अर्धी भरलेली बादलीही दीड वर्षाच्या मुलाला पुरते, कारण डोके जड असते आणि आत वाकले की बाहेर निघता येत नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी सुपारी चार वर्षांपर्यंत हाती देऊ नये, श्वासनळीत अडकतात. रिमोटमधले आणि खेळण्यातले बटणासारखे चपटे सेल गिळले गेले तर एक तासही थांबू नये. बडोद्यात आणखी एक धोका आहे तो आपल्याकडे नाही. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, सारे शहर पतंगासाठी गच्चीवर असते, आणि सगळ्यांचे डोळे आभाळात असतात. त्या दिवशी गच्चीवरच्या लहान मुलाकडे पाहणारे एक माणूस नेमलेच पाहिजे. या ठिकाणी 'नको' ठामपणे म्हणावे, हात धरावा, उचलून न्यावे. अशा खऱ्या 'नको' चारपाचच असाव्यात. दिवसाला शंभर वेळा उच्चारलेला 'नको' पंख्याच्या आवाजासारखा होतो, आणि खरी वेळ आली तरी ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला सुट्टी होती. आम्ही दोघे घरभर गुडघ्यांवर फिरलो. हा सल्ला मी वर्गात नेहमी देतो, केला कधी नव्हता. त्या उंचीवरून घर निराळेच दिसते. लोंबणारी इस्त्रीची वायर, मोरीतली निळी बाटली, कपाटाखालची टाचणी, सगळे अगदी डोळ्यांसमोर. माईंनी टीपॉयवरचा रुमाल घडी करून ठेवून दिला. स्वयंपाकघरातले सर्वांत खालचे फडताळ रिकामे करून त्यात चार वाट्या, एक डाव, झाकणाचा डबा आणि जुनी चाळणी ठेवली. ते फडताळ बाळराजांचे. पहिल्या दिवशी त्यांनी ते अकरा वेळा उपसले. आवाज फार झाला, दाजींची झोप मोडली, आणि दाजी माझ्यावर रागावले. त्यांचेही चूक नव्हते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ताईने दारात रांगोळी काढायला घेतली. निम्मी झाली नाही तोच बाळराजे तिच्यातून चालत गेले आणि लाल रंगाची पावले थेट देवघरापर्यंत उमटली. ताईचा हात वर झाला. मग तो तसाच खाली आला, आणि तिने रांगोळीचा एक कोपरा खराट्याने साफ करून एका वाटीत पांढरी रांगोळी घालून त्याच्यापुढे ठेवली. मूठ तोंडाकडे जाऊ नये म्हणून मी शेजारी बसलो. पंधरा मिनिटे तो मुठी भरून सोडत होता, कधी उंचावरून, कधी जमिनीलगत. मला लोराँचा हंस आठवला. शेजारच्या बा फराळाचे ताट घेऊन आल्या, त्यांनी ताईच्या कमळाकडे पाहिलेसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या पांढऱ्या ढिगाकडे बोट दाखवून विचारले, "आ रंगोळी कोणे पूरी?"

त्यांना उत्तर देणारा कलावंत तोवर फडताळाकडे रवाना झाला होता. माझा चहा मात्र निघेपर्यंत मला स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच प्यावा लागला. माईंचा हुकूम होता.